अनंताच्या बाजूचा जोड

चिखलात गाडी फसली की सालईटोल्याचा माणूस आधी देवाला शिव्या घालतो, मग ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडतो. पण शहरातल्या नंदनवन वस्तीतून आलेला उन्मेष हा पहिलाच असा भेटला, की जो घरून निघतानाच फसायचा बेत करून निघत होता.

"म्हंजे मुद्दाम फसवता?" रुपरावानं विचारलं.

"मुद्दामच, काका. आमचा ग्रुप आहे. पावसाळ्यात निघतो. जिकडे रस्ता नाही तिकडे."

"अन् मंग?"

"मग काढतो बाहेर."

"अन् मंग?"

"मग काय, घरी."

रुपरावानं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. गुडघ्यापर्यंतचे बूट, कमरेला चाकू, आणि हात असे की त्यांना आयुष्यात फोड म्हणून आलेला नाही. "बाप्पा!" तो म्हणाला. "आमच्या गावचे लोक तर हे काम फुकटातच करून राहिले."

उन्मेष मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. बँकेत बसून बसून ज्याचं अंग आंबलेलं असतं, त्यातला होता. त्याची जिप्सी जुनी होती, रंग उडालेला, आणि मागच्या बाजूला गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू होती. ती त्यानं बाळंतिणीच्या हातातून मूल घ्यावं तशी खाली उतरवली. मोटर लावलेलं रीळ, त्यावर तारेचा दोर. विंच म्हणतात. दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, की चिखलातली गाडी आपली आपणच ओढून बाहेर येते. फक्त हे रीळ बसवायला पुढचा बंपर तसा भक्कम पाहिजे. सगळा जोर त्याच्यावर. तयार बंपर बाजारात मिळत होते, पण या जुन्या गाडीच्या नाकावर एकही बसत नव्हता.

"मला एका ढाब्यावर सांगितलं," उन्मेष म्हणाला, "की रामटेकच्या रस्त्यावर सालईटोल्याला दोघं भाऊ आहेत. लोखंड कणकेसारखं वळवतात. दुसरे काका कुठे गेले?"

रुपरावानं विंचवरचं गोणपाट पुन्हा झाकलं. उत्तर आलं ते मागच्या दारातून. त्याची बायको यमुताई तिथं तांदूळ पाखडत होती. घरात येणारा प्रत्येक अवघड प्रश्न ती असाच मधल्यामधे झेलायची.

"गेले ते. नवतपात. टिनावर काम करून आले, कांदा मांगतला, पाणी मांगतलं, अन् निजले ते निजलेच."

मे महिन्याच्या शेवटचं ते ऊन. आता आषाढ लागला होता, धानाच्या बांध्या भरल्या होत्या, आणि गावानं दुःखाचा खर्च तेरवीच्या जेवणातच वळता करून घेतला होता. राहिलं होतं ते या टिनाच्या शेडखाली.

शेडमध्ये वेल्डिंगची दोन मशीन. एक उगवतीला, एक मावळतीला, मधे लोखंडाचे दोन घोडे, त्यांच्यावर काम. रुपराव उगवतीच्या बाजूनं, गेलेला धाकटा भाऊ अनंता मावळतीच्या. मिसरूड फुटल्यापासून दोघांची हीच रीत. लोखंड तापलं की जोडाकडे ओढलं जातं. या बाजूनं जोड घातला की इकडं वाकतं. त्याच दमात पल्याडून दुसऱ्यानं घातला, की बिचारं मधल्यामधे सरळ उभं राहतं. एकटा वेल्डर असेल तर तो थोडं इथं, थोडं तिथं असं गोल फिरत जोडतो. रुपरावालाही ते ठाऊक होतं. पण तो कधी फिरला नव्हता. त्याला फिरायची गरजच पडली नव्हती.

नवतपानंतर त्याच्या हातून जे काही बाहेर पडलं, ते वाकडं पडलं. चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. बळीराम पाटलाचं चाक रुपरावानं जोडून दिलं, तर ट्रॅक्टर बांधीत लंगडायला लागला.

"चाक नाही हे, भुताचं बाशिंग हाये," बळीराम चारचौघांत म्हणाला. "एकीकून कोनी तरी वढते. अनंत्यानं जागा नाही सोडली गा अजून."

गावाला एवढं पुरलं. रोवणीच्या तोंडावरची चाकं, नांगर, फण, सगळं फाट्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेलं. रुपरावाच्या शेडपुढून जाताना लोक गाडीचा हॉर्न वाजवायचे, देवळापुढून जाताना वाजवतात तसा.

आणि आता जे सांगायचं ते असं, की गाव अगदीच खोटं बोलत नव्हतं. रुपराव आपल्या बाजूचा जोड घालून हात उचलायचा, तोंडापुढची काळी काच खाली करायचा, आणि पल्याडून आवाज यायचा. चर्र. तेलात मोहरी पडल्यासारखा, अनंताचा तो बारीक, न तुटणारा आवाज. मावळतीचं मशीन बंद असायचं. वायर गुंडाळून खुंटीला. तरी आवाज यायचा. रुपराव तो संपेपर्यंत थांबायचा, मग पुढचा रॉड लावायचा. भीती त्याला आवाजाची वाटत नव्हती. एखाद्या दिवशी तो आला नाही तर, याची वाटायची.

असा तो थांबायचा आणि तेवढ्यात लोखंड निवून, ओढलं जाऊन, वाकडं होऊन बसायचं. मेलेल्या माणसानं घातलेल्या जोडानं ते सरळ कसं राहणार?

बंपरचं काम त्यानं घेतलं त्याला कारण होतं. अनंताची बायको मेघा, तिचा भाऊ रजत हिंगण्याला कंपनीत होता. तो दोनदा मोटारसायकलवर येऊन गेला होता. बहिणीला पॅकिंगमध्ये लावून देतो म्हणत होता. पोळा झाला की नेतो, आणि अनंताचं मशीन घ्यायला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं आहे, म्हणत होता. मशीन अनंताचं, म्हणजे आता मेघाचं. रुपरावाला ना म्हणायचं तोंड नव्हतं. शेडमध्ये कामच नाही, तर बंद मशीन कोणत्या तोंडानं ठेवून घ्यायचं? शहराचा माणूस खूश झाला, त्याचा तो फसणारा ग्रुप इकडे वळला, तर शेड चालेल. शेड चाललं तर मशीन जागेवर राहील. आणि मशीन जागेवर राहिलं तर आवाजही. हा शेवटचा हिशेब त्यानं कोणाला सांगितला नाही.

"या रविवारी पाहून जाईन," उन्मेष म्हणाला. "पुढच्या रविवारी बसवू."

खोक्याचा पुठ्ठा घेऊन रुपराव जिप्सीच्या नाकापुढे उकिडवा बसला. पुठ्ठा लावायचा, कापायचा, परत लावायचा. शिंप्यानं नवरीचं माप घ्यावं तसं त्यानं त्या गाडीचं माप घेतलं. मधे विंचची बैठक, दोन्हीकडे दोन पंख, मागं चेसिसला धरणारे दोन जाड कान. मग गॅसनं पत्रा कापला. बाहेर झड लागली होती, टिनावर पाऊस तडतडत होता, आणि कटरच्या उष्णतेनं त्याच्या पाठीवर पावसाळ्यातही मीठ फुटत होतं. मानेवर ठिणग्यांचे जुने डाग होते, देवी आल्यासारखे. त्यांत नवे पडत होते.

कापलेले तुकडे मेघा मागच्या दारातून घेऊन जायची, घासून, पुसून परत ठेवायची. रुपराव शेडमध्ये असला की ती दारातच थांबायची, पदर पुढे ओढून, तोंड भिंतीकडे. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यापुढे उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातात हात लागेल असं काही द्यायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या दोघांत एक शब्द झाला नव्हता. जे काही बोलणं, ते यमुताईच्या मार्फत. तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाचा निरोप तीन हातांवरच्या माणसाला पोचवून पोचवून यमुताई पोस्टमास्तरीण झाली होती, आणि टपालात आपलंही काहीबाही घालायची.

रविवारपर्यंत मधली पेटी उभी राहिली. रुपरावानं लांब जोड घातला, थांबला, ऐकलं, पुढचा घातला. पेटी निवली तेव्हा त्यानं गुनिया लावून पाहिला. काटकोनात बोट जाईल एवढी फट. सगळा बंपर उगवतीकडे मान वळवून बसला होता, रुसलेल्या सुनेसारखा.

नेमका तेव्हाच उन्मेष आला. सोबत बळीरामही आला, शहरची गाडी पाहायला. उन्मेषनं बंपर गाडीच्या नाकाला लावून पाहिला. एक कान चेसिसला टेकला, दुसरा हवेत.

त्यानं बंपर खाली ठेवला. शिकलेला माणूस होता, तोंडावर बोलणं त्याला जड जात होतं. तो नुसता म्हणाला, "काका, तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या. हिंगण्याकडे एक जण आहे, तो पण करतो."

त्रास होत असेल तर! एखाद्यानं थुंकलं असतं तरी बरं.

बळीरामाला तेवढं सभ्य राहता येत नव्हतं. "सांगतलं होतं न म्या. वढते तो. गुरुवारी रामटेकले जा, गडावर नारळ फोड, त्याले म्हना आता जाय बाबा."

"तू जाय आंधी," यमुताई दारातून म्हणाली. "मागच्या सालचं फाटकाचं काम करून घेतलं, त्याचे पैसे ध्यानात हायेत का? का तेही अनंतभावजीनं वढले?"

उन्मेषनं रुपरावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बूट चिखलात घोळवत म्हणाला, "बरं, पुढच्या रविवारी येतो. तोवर बघा."

त्या संध्याकाळी रुपराव जेवायला बसला तेव्हा स्वयंपाकघरातून बोलणं आलं. बोलत होती मेघा, यमुताईशी. पण असं मोठ्यानं, की ते भिंतीपलीकडे जावं.

"बाई, त्याहिले सांगा, भूत-बित काही नाही. तिकून कोनी जोडून नाही राह्यलं, म्हनून ते वाकते."

यमुताई ताटात वरण वाढता वाढता म्हणाली, "ऐकलं का? भूत नाही म्हनते."

"तिले सांग, मले ठावं हाये," रुपराव म्हणाला.

"ठावं हाये म्हनतात वं."

"मंग फिरून काहून नाही जोडत? विचारा."

रुपरावाचा घास हातातच राहिला. फिरून जायचं म्हणजे मावळतीला जायचं, तिथल्या पाटावर बसायचं. एकदा गेला होता. तेरवीनंतर. बसला आणि कान टवकारले, तर शेडमध्ये दुसरं कोणीच नव्हतं, पावसाचा थेंबही नाही. तो उठून परत आपल्या बाजूला आला होता, तेव्हा कुठे चर्र आवाज सुरू झाला.

"तिले सांग," तो म्हणाला, "बायानं यात बोलू नये."

यमुताईनं हे टपाल पोचवलं नाही. उलट ती नवऱ्याच्या ताटात भाताचा ढीग करत म्हणाली, "ती बोलते म्हनजे तिले येते म्हनून बोलते. आधी दुपारी तुमी जेवून घोरत जा, तवा अनंतभावजी तिले जोडाले देत जाय. फाटकाच्या खालच्या पट्ट्या कोनाच्या हातच्या, पाह्यल्या कधी? तवा तुमी म्हनत जा न, अनंत्याचा हात आज बिघडला."

भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. रुपराव भात तसाच ठेवून हात धुवायला उठला. त्याला राग आला तो मेघाचा नाही. मेलेल्या भावाचा आला. एवढ्या वर्षांत त्यानं हे आपल्याला सांगितलं नाही, आणि आता विचारायची सोय ठेवली नाही.

सकाळी त्यानं बंपर घोड्यावर चढवला आणि ग्राइंडरनं आपलेच जोड कापायला सुरुवात केली. घातलेला जोड कापणं वेल्डरला स्वतःची शिवी स्वतःला ऐकू येण्यासारखं असतं. दुपारपर्यंत तुकडे परत सुटे झाले. घणानं ठोकून त्यानं ते सरळ केले. मग उभे लावले, टाक्यांनी अडकवले, शिकंजे आवळले आणि रॉड घेऊन बसला.

मागच्या दारातून कोणी आत आलं. त्यानं मान वर केली नाही, करायची रीत नव्हती. वायर खुंटीवरून निघाल्याचं कळलं. मावळतीचं मशीन खट्ट झालं आणि घुमायला लागलं.

मधे बंपरची जाड प्लेट उभी होती, छातीएवढी. पल्याडचं माणूस दिसत नव्हतं. मेघानं अनंताची काच तोंडाला लावली होती. त्या काचेमागे बाई आहे की बुवा, कोणाला कळलं असतं? पदरापेक्षा ते जास्त झाकत होतं. रीत मोडली म्हणावी तर भासरा समोर नव्हता, लोखंड होतं. पुढं यमुताई गावात हाच मुद्दा मांडणार होती, आणि त्यावर कोणाला बोलता येणार नव्हतं.

रुपरावानं काच धरली आणि जोड घातला. हात उचलला. थांबला.

चर्र.

तोच? नाही. हा जाडा होता, अडखळत होता, मधेच फट्ट करून तुटत होता. पण त्याच्या मागं, त्याच्या आतून, तो दुसरा बारीक आवाजही होता की काय? रुपरावानं कान दिला. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले, मग जाडा तेवढा उरला, मग तोही थांबला. पल्याडून हातोडीनं प्लेटवर दोनदा टकटक झालं. झालं माझं, आता तुमचं.

अनंता टकटक करत नसे. तो नुसता खोकायचा.

असं तीन दिवस चाललं. टकटक इकडून, टकटक तिकडून. यमुताई चहा आणून ठेवायची, एक उगवतीला, एक मावळतीला, आणि मधे उभी राहून म्हणायची, "काही निरोप हाये का कोनाचा? नाही? मंग माहं तर कामच गेलं बाप्पा." पहिल्या रात्री मेघाचे डोळे सुजून बंद झाले. काच धरायच्या आधीच रॉड लागून उजेड डोळ्यांत गेला होता. यमुताईनं तिच्या डोळ्यांवर आलूच्या चकत्या ठेवल्या, आणि भिंतीपलीकडून रुपरावाला ऐकू गेलं, "रडू नको वं. आलू खारट होतीन." तरी दुसऱ्या दिवशी मशीन वेळेवर घुमलं.

जोड सुंदर नव्हते. कोंबडीनं उकिरडा उकरावा तसे, कुठं उंच, कुठं खोल. रुपरावानं ते बोटानं चाचपले. खोल होते पण पोकळ नव्हते. गुनिया लावला. फट नव्हती.

विंचची बैठक बसवायची म्हणून बंपर साखळीनं वर उचलला होता. खालून रुपराव हातानं चाचपत होता, की कान सरळ आहेत का. साखळीची कडी आकड्यातून सरकताना त्याला दिसली नाही. ती मावळतीच्या बाजूला होती.

"भासरे! हात काढा!"

हात निघाला तो ऐकून निघाला नाही, त्या आवाजाच्या दणक्यानंच निघाला. बंपर दाणकन घोड्यावर आदळला. जिथं पंजा होता तिथं घोड्याचा पत्रा चेपला.

मेघा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पदर पार हनुवटीपर्यंत. रुपराव आपल्या हाताकडे पाहत होता, हात हलवून पाहत होता. जणू काही भलतंच घडलं होतं. हात वाचला ते नाही. ती बोलली ते.

यमुताई धावत आली. दोघांना पाहिलं, आणि पोट धरून हसायला लागली. "बोलली गा! इतक्या वर्षानं बोलली, अन् बोलली तर काय, वस्सकन!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं कोणाला पुसू दिलं नाही.

रविवारी उन्मेष आला तेव्हा बंपर काळा रंग लावून, तेल पुसून तयार होता. दोन्ही कान चेसिसला असे टेकले, की उन्मेषनं दोनदा हात फिरवून पाहिला. बोल्ट आवळले, विंच बसवलं. जुनी जिप्सी आता जबडा पुढे काढलेल्या बुलडॉगसारखी दिसत होती.

"आता फसवायची कोठी?" रुपरावानं विचारलं.

जागेची वाण नव्हती. बळीरामाच्या बांधीत चिखलणी झाली होती, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायची होती. बांधावर अर्धं गाव जमलं, फुकटचा तमाशा म्हणून. उन्मेषनं गाडी बांधीत घातली आणि ती घातली तशीच बसली, आसापर्यंत. चाकं फिरली, चिखल बळीरामाच्या धोतरावर उडाला. उन्मेष आनंदानं ओरडला. बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या: पैसे देऊन असं करतात म्हणे.

दोर बांधावरच्या मोहाच्या झाडाला बांधला. रुपरावानं स्वतः ओलं पोतं आणून मधोमध दोरावर टाकलं. दोर तुटलाच तर साप उलटावा तसा उलटतो, माणूस चिरतो. सगळ्यांना मागं सारलं. स्वतः मात्र बंपरपासून हलला नाही.

बटण दाबलं. रीळ कुरकुरलं. दोर ताणला, मोह थरारला, पानांवरचं पाणी झडलं. गाडी हलत नव्हती. चिखलानं तिला घट्ट धरून ठेवलं होतं. सगळा जोर बंपरवर आला. रुपरावानं डोळे मिटून कान त्या जोडांकडे लावला. लोखंड तुटायच्या आधी बोलतं, कण्हून, बारीक. एकदा टक्क झालं. तो बोल्ट जागेवर बसल्याचा आवाज होता. मग चिखलानं मोठ्यानं चोखल्यासारखा आवाज केला आणि जिप्सी उसासत, घसरत, बांधावर आली.

गुनिया त्यानं तिथंच, चिखलातच लावला. फट नव्हती.

"अनंत्याचा हात लागला गा!" बळीराम धोतर झटकत ओरडला. "म्या म्हनलं नाही? वढते तो. आता सरळ वढून राह्यला."

"अनंत्याचा नाही," यमुताई बांधावरून म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. "त्याच्या बायकोचा."

बांधावर एक म्हातारी म्हणाली, "भासऱ्याच्या सामने?" यमुताई म्हणाली, "सामने कुठं, मधात लोखंड होतं," आणि म्हातारी विचारात पडली. गावाला नवं चघळायला मिळालं होतं. पण सोमवारी सकाळी बळीरामच आपलं लंगडं चाक खांद्यावर घेऊन शेडपुढे उभा होता. तोंड दुसरीकडे करून म्हणाला, "पाह्य जरा. सवड असन तं." गावाच्या माफीचा अर्ज असाच असतो. त्याला सही लागत नाही.

रजतचा फोन आला तो यमुताईनं घेतला. काय बोलली ते तिलाच माहीत. मशीनचं गिऱ्हाईक आलं नाही.

दुपारी पाऊस थांबला. चाक घोड्यावर चढलं, दोन्ही मशीन घुमायला लागली. रुपरावानं आपल्या बाजूचा जोड घातला, हात उचलला. पल्याडून चर्र झालं, जाडं, अडखळतं. टकटक झालं. तरी त्यानं पुढचा रॉड लावला नाही. तो ऐकत राहिला. टिनावरून ओघळाचे थेंब पडत होते, रस्त्यावरून एक एसटी गेली, मशीन घुमत होतं. या सगळ्याच्या खाली जिथं तो आवाज असायचा, तिथं त्यानं कान नेला. तिथं काहीच नव्हतं. शिकंजा सोडल्यावर लोखंडावर वळ राहतो ना, तेवढं सुद्धा नव्हतं.

त्यानं चाकाच्या पिंजऱ्यातून पल्याड पाहिलं. काच लावलेलं एक डोकं, खाली हिरव्या बांगड्या नसलेले दोन हात.

"तुले..." यमुताईला हाक मारावी असं त्याला वाटलं, पण हा निरोप तिच्या हाती देण्यातला नव्हता. "तुह्या बाजूनं येते का त्याचा आवाज?"

काचेमागून आलं, "आधी येत जाय. तुमी जोडत राहत जा न, तवा सैपाकघरात मले दोन आवाज येत. एक तुमचा, अन् एक..." ती थांबली. "म्हनून तं रजत दोनदा आला तरी मी त्याले मशीन नेऊ दिलं नाही."

"अन् आता?"

"आता तो माह्या हातात हाये, भासरे. ऐकू कसा येईन?"

रुपरावानं मान खाली घातली. आपण जोडायला लागलो की तो आवाज जाणार, हे तिला आधीच ठाऊक होतं, त्या दिवशी खुंटीवरून वायर काढताना. बंपर सरळ व्हावा म्हणून तिनं तो आवाज देऊन टाकला होता. आणि रुपराव मात्र तीन दिवस गुनिया लावत बसला होता.

"घ्या," मेघा म्हणाली. "माही बाजू थंडी होऊन राह्यली."

रॉड अजून लागलाही नव्हता, तरी रुपरावानं काच तोंडापुढे धरली. आणि बराच वेळ ती तशीच धरून ठेवली.